जुन्या बंगल्याचे नूतनीकरण: आधी भिंती तपासा, मग आराखडा काढा

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जुन्या बंगल्यांविषयी आपल्या दैनिकात वरचेवर मजकूर प्रसिद्ध होत असतो. त्यात एक तर बंगला पाडून तेथे उभ्या राहणाऱ्या इमारतीची बातमी असते, नाहीतर बंगला न पाडता त्याचे नूतनीकरण करून घेतलेल्या एखाद्या कुटुंबाची सचित्र हकिकत असते. या दुसऱ्या प्रकारच्या मजकुरात पूर्वीचा काळोखा दिवाणखाना आणि आता थेट स्वयंपाकघरापर्यंत मोकळा झालेला दिवाणखाना शेजारी शेजारी छापलेले असतात; मधली भिंत कशी काढली, तिच्यावर काय उभे होते आणि तो भार आता कोणत्या वाटेने जमिनीत जातो, याबद्दल मात्र एक ओळही नसते. स्थापत्य अभियंता म्हणून माझी बरीच वर्षे जुन्या घरांच्या दुरुस्त्यांत गेली, आणि निवृत्तीनंतरही ओळखीची मंडळी नवा नकाशा घेऊन ‘जरा नजर टाकता का’ म्हणून येत असतात. म्हणून या न छापल्या जाणाऱ्या भागाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास ती कृपया भिंतींच्या परिच्छेदात करू नये.

पुण्यात डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, एरंडवणे या भागांत साधारण १९३० ते १९६० या काळात बांधलेले दुमजली बंगले अजून बऱ्यापैकी शिल्लक आहेत. त्यांची घडण ढोबळमानाने सारखी आहे. काळ्या दगडाचे दोन-अडीच फुटांचे जोते, बाहेरच्या भिंती दीड विटेच्या म्हणजे साडेतेरा-चौदा इंचांच्या, आतल्या भिंती नऊ इंची आणि कोठीची खोली किंवा न्हाणीघर वेगळे करण्यापुरत्या साडेचार इंची आडभिंती, अशी ही रचना असते. आधीच्या घरांवर सागवानी कैच्या व मंगलोरी कौले आहेत, नंतरच्यांवर स्लॅब आहे. वीटकाम कुठे चुन्यात, कुठे सिमेंटात, तर कुठे पुढच्या भागात एक आणि मागून वाढवलेल्या भागात दुसरे असे आढळते. या सर्व घरांत एक गोष्ट मात्र समान आहे, ती म्हणजे त्यांना कॉलम नाहीत. वरचा मजला, छप्पर, पाण्याची टाकी आणि घरातली माणसे या सगळ्यांचा भार भिंतीच वाहतात.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या घरमालकाचे बहुतेक आयुष्य फ्लॅटमध्ये गेलेले असते आणि त्याच्यासाठी नकाशा काढणाऱ्या तरुण सजावटकाराचे शिक्षणही कॉलम-बीमच्या इमारतींवरच झालेले असते. तशा इमारतीत भिंत ही नुसती भरण असते, ती हलवली तरी सांगाड्याला सहसा धक्का पोहोचत नाही. तीच समजूत घेऊन दोघे जुन्या बंगल्यात शिरतात आणि कागदावर भिंती पुसायला सुरुवात करतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, अशा घराचा नवा आराखडा आपल्याला काय हवे यावरून सुरू न करता, घर काय वाहते आहे यावरून सुरू केला पाहिजे. हौसेला जागा आहेच, पण ती भिंतींची तपासणी हाती आल्यानंतर.

अलीकडेच पाहिलेला एक नकाशा उदाहरणादाखल सांगतो; घर ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. घर १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, दोन्ही मजल्यांवर स्लॅब असलेले. खाली दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामध्ये चौदा फूट लांबीची नऊ इंची भिंत होती आणि ती पूर्णपणे काढून तेथे ‘छुपा बीम’ टाकावा असे नकाशात सुचवले होते. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सुमारे बारा-बारा फूट रुंदीच्या खोल्या होत्या आणि पहिल्या मजल्याचा स्लॅब दोन्हीकडून तिच्यावरच टेकला होता. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत तशीच नऊ इंची भिंत होती आणि तिच्यावर गच्चीचा स्लॅब होता. आकडेमोड अवघड नाही. वरच्या भिंतीचे वजन दर मीटरला दीड टनाच्या आसपास येते, पहिल्या मजल्याच्या स्लॅबचा फरशी व वापर धरून वाटा सव्वादोन टनांच्या जवळपास येतो आणि गच्चीचा, तिच्यावरच्या कोब्यासकट (गळती रोखायला घातलेल्या विटांच्या थरासकट), त्याहूनही जास्त भरतो. चौदा फुटांवर हे सगळे मिळून २५ टनांहून अधिक होते. म्हणजे भिंत काढल्यावर तुळईच्या प्रत्येक टोकाला साधारण १३ टन उतरणार.

तुळई लोखंडी गर्डरची करता येते, त्यात विशेष काही नाही. प्रश्न टोकांचा आहे. चुन्यातल्या जुन्या वीटकामावर दर चौरस सेंटीमीटरला चार-पाच किलोंपेक्षा अधिक भार टाकू नये, असे आम्ही धरून चालतो. त्या हिशोबाने १३ टन पसरवायला नऊ इंची भिंतीत जवळजवळ पावणेचार फूट लांबीचा काँक्रीटचा बेडब्लॉक बसवावा लागतो आणि त्याखालची भिंत पायापर्यंत अखंड असावी लागते. नकाशात त्याच टोकापासून जेमतेम दीड फुटावर नवा दरवाजा दाखवला होता. शिवाय आजवर जो भार चौदा फूट लांबीच्या पायावर सारखा पसरला होता, तो आता दोन बिंदूंवर एकवटणार होता. तेथील पाया किती रुंद आणि किती खोल आहे हे खड्डा घेऊन कोणी पाहिलेले नव्हते. मी घरमालकांना सुचवले ते असे: भिंत ठेवा, तिच्यात मधोमध सहा फुटांचे उघडे घ्या, वर काँक्रीटचा लिंटल म्हणजे आडवी पट्टी द्या आणि दोन्ही बाजूंना चार-चार फूट भिंत जागेवर राहू द्या. जेवणघरातून दिवाणखान्यातला माणूस दिसतो, बोलणे ऐकू येते, उजेडही येतो. उरलेल्या चार-चार फुटांत एकीकडे पुस्तकांचे कपाट आणि दुसरीकडे देवघर अशी मांडणी पुढे त्यांच्याच घरातल्या वहिनींनी सुचवली, आणि ती सजावटकाराच्या मूळ नकाशापेक्षा मला तरी अधिक सोयीची वाटली.

आडव्या धक्क्याचाही विचार करावा लागतो. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात धरले जात आले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पुण्यातही लोक घराबाहेर पडले होते, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने दगडमातीच्या भिंतींचे काय होते ते दाखवले. विटांच्या घराला आडवा जोर पेलण्याचे बळ त्याच्या आडव्या-उभ्या भिंतींच्या जाळ्यातून येते. दुमजली घरात एका भिंतीतल्या सर्व दारे-खिडक्यांची मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याच्या आत ठेवावी आणि कोपऱ्याला चिकटून उघडे घेऊ नये, असा भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकांचा रोख आहे. ‘कॉर्नर विंडो’ ही सध्याची आवडती मागणी नेमकी याच्या उलट दिशेने जाते. नव्या इमारतीत ती खुशाल घ्यावी. सत्तर वर्षांच्या विटांच्या घरात कोपरा फोडणे म्हणजे दोन भिंतींचा हातातला हात सोडवणे होय.

एखादी भिंत भार वाहते की नाही, हे ठोकून आवाजावरून सांगणारे कंत्राटदार बरेच भेटतात. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण ही पद्धत पुरेशी नाही. भिंतीची जाडी मोजावी, वरच्या मजल्यावर तिच्या रेषेत काय आहे ते पाहावे, स्लॅबच्या सळया कोणत्या दिशेने आहेत ते कव्हर मीटरने शोधावे, कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत असेल तर कड्या कोणत्या भिंतींवर टेकल्या आहेत ते बघावे. साडेचार इंची भिंतसुद्धा बेफिकिरीने पाडू नये, कारण वरचा स्लॅब इतक्या वर्षांत किंचित वाकून तिच्यावर बसलेला असू शकतो, किंवा मधल्या पिढीतल्या कोणी तिच्यावर माळा चढवलेला असू शकतो. या सगळ्यासाठी आधी घराचा मोजमाप घेऊन काढलेला नकाशा लागतो. त्यात नुसत्या खोल्यांची लांबी-रुंदी असून भागत नाही. भिंतींची जाडी, दारे-खिडक्यांच्या खालच्या-वरच्या पातळ्या, दोन्ही मजल्यांचे छेद, पाइपांच्या जागा आणि तडे हे सर्व त्यात यायला हवे. असा नकाशा करून घ्यायला लागणारे पैसे घरमालकाला सुरुवातीला जड वाटतात. हा खर्च टाळणाऱ्यांना काम अर्ध्यावर असताना नकाशा बदलावा लागतो आणि मजुरांची हजेरी मात्र चालूच राहते.

आता स्लॅबकडे वळतो. त्या काळातल्या स्लॅबमध्ये गुळगुळीत गोल सळया आहेत आणि त्यांच्याखालचे काँक्रीटचे आवरण बहुधा अर्ध्या इंचाच्या आसपास. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्म वर्षानुवर्षे आतआत कमी होत जातो आणि हा अल्कधर्म गेलेला थर सळईपर्यंत पोहोचला की ओलाव्याच्या साथीने सळई गंजू लागते; गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि खालचे काँक्रीट पोपड्यांसारखे सुटते. हे तपासायची एक साधी युक्ती आहे. स्लॅबचा छोटा तुकडा ताजा फोडून त्यावर फेनॉल्फथॅलीनचे द्रावण फवारायचे; जेथे काँक्रीट अजून शाबूत आहे तेथे ते गर्द गुलाबी होते आणि जेथे अल्कधर्म गेला आहे तेथे रंग चढत नाही. घरमालकाला दहा पानी अहवालापेक्षा ही गुलाबी रेघ लवकर पटते. रेघ सळईच्या अलीकडे, पृष्ठभागाच्या बाजूला असेल तर रंगरंगोटीवर पैसे घालायला हरकत नाही; पलीकडे गेली असेल तर आधी सळया उघड्या करून साफ करणे, गरज पडल्यास जोडसळया देणे आणि पॉलिमर मॉर्टरने भरणे हे काम करावे लागते. फॉल्स सीलिंग लावून पोपडे झाकण्याचा जो सोपा मार्ग सर्रास निवडला जातो, त्याने पुढच्या पाच-दहा वर्षांत काय चालले आहे ते दिसायचे बंद होते, एवढेच.

गच्चीची गोष्ट याहून विचित्र आहे. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मी असे सहा इंचांहून जाड थर पाहिले आहेत. सहा इंच विटांच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २७० ते ३०० किलो भरते, तर माणसांच्या वावरासाठी गच्चीवर अभियंते जो भार धरतात तो १५० किलो आणि खोल्यांत २०० किलो असतो. म्हणजे गच्चीवर वर्षाचे बारा महिने लग्नाच्या पंगतीहून अधिक वजन पडून आहे, आणि घरमालक विचारतात की त्यावर बागेची माती टाकली तर चालेल का. नूतनीकरणाच्या यादीत पहिले काम म्हणून हे सारे थर काळजीपूर्वक काढून, उतार नीट करून, हलक्या पद्धतीने एकदाच जलरोधन करावे. काढताना मोठा ब्रेकर वापरू नये. छिन्नी-हातोड्याने, लहान पट्ट्यांत काम करावे आणि खालच्या मजल्यावर टेकू द्यावेत. नव्या जलरोधनानंतर गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून पाहावे आणि मगच फरशी बसवावी. पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन, हे लक्षात ठेवून ती स्लॅबच्या मध्यावर न ठेवता दोन भिंती मिळतात त्या जागी, शक्यतो जिन्याच्या भिंतींवर न्यावी.

ओलीबद्दल लिहिताना घरापेक्षा घराबाहेरचे अधिक लिहावे लागते. ज्या जोत्याची उंची बांधताना रस्त्यापासून अडीच फूट होती, ती रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्याने आणि आवारात फरसबंदी झाल्याने आज कित्येक ठिकाणी सव्वा-दीड फुटांवर आली आहे. पावसाचे पाणी आवारात जिरत नाही, भिंतीच्या पायथ्याशी साचते आणि वीटकामातून तीन फुटांपर्यंत वर चढते. मग खालच्या खोल्यांत खार फुटतो, रंग फुगतो, आणि त्यावर उपाय म्हणून कोणीतरी सिमेंटचा जाड गिलावा देतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती आणखी वरून फुटते. खालचा गिलावा काढून भिंत एक उन्हाळाभर सुकू द्यावी, चुन्याचा गिलावा करावा, आणि त्याहून आधी भिंतीलगतची फरसबंदी दीड-दोन फूट काढून तेथे खडीची चर ठेवून पाणी दूर न्यावे. चुना सावकाश वाळतो, त्यासाठी कंत्राटदाराला घाई करता येत नाही. कदाचित म्हणूनच तो कोणी सुचवत नाही. नदीलगतच्या भागातल्या ज्या घरांत १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी शिरले होते, तेथे पायाजवळचे जुने तडे विशेष लक्ष देऊन पाहावेत आणि त्यांवर काचपट्ट्या चिकटवून ते अजून हलत आहेत का, हे काही महिने तपासावे.

यावरून वेळापत्रकाचा मुद्दा निघतो. बहुतेक कुटुंबे दिवाळीनंतर विचार सुरू करतात, संक्रांतीला नकाशा ठरतो आणि मार्चमध्ये तोडफोड होते. जूनमध्ये पाऊस आला की अर्धवट गच्ची ताडपत्रीखाली. माझ्या मते विचार जूनमध्ये सुरू करावा. पाऊस हा सगळ्यात चांगला तपासनीस आहे आणि तो फुकट काम करतो. कोणत्या छज्ज्यातून पाणी आत येते, कौलांची कोणती ओळ सरकली आहे, कोणत्या खोलीला जुलैतही कोंदट वास येत नाही, याच्या नोंदी नकाशावरच कराव्यात. मोजमाप, तपासण्या आणि आराखडा श्रावण-भाद्रपदात पूर्ण करावा, दसऱ्याला काम हाती घ्यावे, आणि छपराचे काम मात्र कोणत्याही परिस्थितीत पुढच्या मेअखेर संपवावे.

मांडणीत सर्वाधिक ओढाताण होते ती न्हाणीघरांवरून. मूळ घरात संडास मागच्या अंगणात, न्हाणीघर स्वयंपाकघराच्या पलीकडे आणि वर बहुधा काहीच नव्हते. आता प्रत्येक शयनगृहाला स्वतंत्र न्हाणीघर हवे असते. यात गैर काही नाही, फक्त ती एकावर एक यावीत आणि बाहेरच्या भिंतीला लागून यावीत. चार इंची सांडपाण्याच्या पाइपाला दर ४० फुटांत सुमारे एक फूट उतार द्यावा लागतो. न्हाणीघर घराच्या मध्यभागी घेतले की तो उतार जेवणाच्या टेबलावरून जातो. जुन्या स्लॅबला खाली दबवलेला भाग नसतो, त्यामुळे पाइपांसाठी एक तर न्हाणीघराची जमीन पाच-सहा इंच उचलावी लागते, किंवा पाइप खालच्या खोलीच्या छताला टांगावे लागतात. उचललेली पायरी घरातल्या ज्येष्ठांच्या पायात येते. मला विचाराल तर टांगलेले पाइप परवडले, तेही त्यांच्याखाली न्हाणीघर किंवा मागचा व्हरांडा येईल अशी मांडणी करून. वास्तुशास्त्राच्या आग्रहाने ईशान्येचे स्वयंपाकघर आग्नेयेला नेणाऱ्यांनी एवढेच पाहावे की मूळ गटार कोणत्या दिशेला आहे. अग्नीची दिशा साधताना मोरीचे पाणी घराच्या पोटातून तिरके नेल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

ज्येष्ठांचा विषय निघालाच आहे तर जोत्याचाही सांगतो. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा असावा लागतो. दोन फुटांच्या जोत्याला म्हणजे चोवीस फूट लांबीचा उतार, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. पोर्चसमोर तो बसत नाही आणि बसवला तर घराचे तोंड झाकतो. बाजूच्या मोकळ्या जागेतून, भिंतीला समांतर जाऊन व्हरांड्याच्या कडेला मिळणारा उतार बहुतेक आवारांत बसतो. तळमजल्यावर एक शयनगृह आणि त्याला लागून बिनपायरीचे न्हाणीघर, दाराची रुंदी तीन फूट, इतकी तरतूद घरमालक पन्नाशीचा असतानाच करून ठेवावी. वर राहणाऱ्या भावाला किंवा मुलाला स्वतंत्र जिना आणि स्वयंपाकघर हवे असेल, तर तो निर्णयही आराखड्याच्या आधी घ्यावा आणि मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांच्या सह्या घेऊनच पुढे जावे. अनेक बंगल्यांचे नूतनीकरण विटांमुळे अडत नाही, वारसनोंदीमुळे अडते.

विजेबद्दल थोडक्यात. लाकडी पट्ट्यांतल्या जुन्या वायरी पूर्ण बदलाव्यात, अर्थिंग नव्याने करावे, गळतीरोधक स्विच बसवावा. नव्या नळ्यांसाठी भिंतीत आडव्या झिऱ्या पाडू नयेत, उभ्या पाडाव्यात. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे तिची निम्मी जाडी गेली.

हवा-उजेडाच्या बाबतीत मूळ बांधणाऱ्यांचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का होता. अकरा-बारा फुटांची उंची, छताजवळचे झरोके आणि पश्चिमेचा व्हरांडा मिळून मे महिन्यातही तळमजला सुसह्य ठेवतात. नूतनीकरणात सर्वप्रथम व्हरांड्याला काचा लागतात, मग झरोके बुजतात, मग छत नऊ फुटांवर उतरते आणि अखेर प्रत्येक खोलीत एसी येतो. जागा वाढवायचीच असेल तर मागच्या बाजूचा व्हरांडा घ्यावा, पश्चिमेचा सोडावा. सागवानी दारे, पितळी कोयंडे, रंगीत मोझेकच्या फरश्या यांची यादी करून त्या कुठे पुन्हा वापरायच्या हे नकाशावरच लिहावे, कारण तोडफोडीच्या दिवशी त्या भंगारवाल्याच्या टेम्पोत जायला अर्धा तासही लागत नाही.

शेवटी परवानगीचा भाग. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४३ मध्ये, फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरत्या असलेल्या किंवा बाह्यरूप फारसे न बदलणाऱ्या देखभाल-सुधारणेच्या कामांना विकास परवानगीतून सूट आहे. कंत्राटदार हीच सूट दाखवून भारवाहक भिंती काढतात. वस्तुतः गिलावा, फरशी, रंग ही दुरुस्ती आहे. घराचा भार वाहणारा भाग काढणे ही दुरुस्ती नव्हे, आणि महानगरपालिका अधिनियमातही इमारतीचा भाग काढून टाकणारे वा पुन्हा उभारणारे बदल आधी कळवण्याची तरतूद आहे. पण असा अर्ज घेऊन गेलेल्या घरमालकाकडे, माझ्या अनुभवात, नव्या इमारतीसाठी लागणारी कागदपत्रेच मागितली जातात. मग काहीजण गुपचूप काम उरकतात आणि काहीजण कंटाळून विकसकाचा फोन उचलतात. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतांश शहरांना एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे; तिच्या आधारे जुन्या, विनाकॉलम घरांतील संरचनात्मक बदलांसाठी एक छोटा स्वतंत्र अर्ज तयार करता येईल. त्यासोबत मोजमापाचा नकाशा, संरचना अभियंत्याची आकडेमोड, काम चालू असतानाच्या टेकूंचा आराखडा आणि काम संपल्यावरचे प्रमाणपत्र एवढेच मागावे.

याच्या जोडीला एक काम महानगरपालिकेला उद्यापासून सुरू करता येण्यासारखे आहे. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली; त्यापूर्वी मंजूर झालेले शहर व उपनगर नगरपालिकांचे आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांचे नकाशे बहुतेक घरमालकांकडे उरलेले नाहीत. पालिकेच्या अभिलेखागारात त्यांपैकी जे असतील ते, कागद आणखी जीर्ण होण्याआधी, स्कॅन करून घर क्रमांकानुसार उपलब्ध करावेत आणि मालकीचा पुरावा दाखवणाऱ्यास माफक शुल्कात प्रत द्यावी. एका भिंतीचा पाया किती रुंद आहे हे शोधायला आम्हाला फरशी उकरून खड्डा घ्यावा लागतो. मूळ नकाशातल्या छेदात ते बहुधा लिहिलेले असते.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
एरंडवणे, पुणे ४